टीवायबीए चालू आहे, घरात कोणी वकील नाही, एलएलबी करू का?

तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. तू लिहिलंयस की पुण्यात टीवायबीएला आहेस, राज्यशास्त्र घेऊन, गाव बार्शीकडचं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, पप्पांची शेती, नात्यात कोणी वकील नाही, पप्पा म्हणतात एमपीएससी कर आणि मैत्रिणी म्हणतात लॉ कर म्हणजे दोन्ही होईल. आणि विचारलंयस की कॉलेज कुठलं, क्लास कुठला, इंग्रजी जमेल का, खर्च किती. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणते, चालेल ना. मी शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करते, बहुतेक दिवाणी आणि जमिनीची कामं, काही फॅमिली कोर्टातली, आणि माझ्याकडे इंटर्न आणि ज्युनियर येत राहतात त्यामुळे ही मुलं कुठे अडकतात ते जवळून बघत आलेय.

तू चार प्रश्न विचारलेस, पण माझ्या मते खरे प्रश्न दोनच आहेत आणि ते चारांत आलेले नाहीत. हे काम रोज करायला मला आवडेल का, आणि हातात बरे पैसे यायला लागेपर्यंत मी आणि घरचे टिकू का. कॉलेज, क्लास, फी हे सगळं यानंतर येतं. या दोन्हीचं उत्तर मी तुझ्या वतीने देऊ शकत नाही, कारण ते तुझ्या घरच्या परिस्थितीवर आणि तुझ्या स्वभावावर आहे, पण ते कसं शोधायचं हे सांगू शकते.

आधी टिकण्याचं बघू कारण हे कोणी मोकळेपणाने सांगत नाही. ग्रॅज्युएशननंतरचं एलएलबी तीन वर्षांचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि घरी पण तेवढंच सांगितलं जातं, 'तीनच वर्षं आहेत'. माझं म्हणणं असं की हिशोब सहा वर्षांचा धर. तीन वर्षं डिग्री, मग सनद म्हणजे वकिलीचा परवाना, आणि मग कुठल्यातरी सिनियरच्या ऑफिसात निदान तीन वर्षं ज्युनियर म्हणून शिकणं, ज्या काळात मिळणारे पैसे पुण्यातल्या रूमभाड्याला आणि मेसला पुरतीलच असं नाही. वकिलीचं नियमन करणाऱ्या बार काउन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एक परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये तरी द्यावेत, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि प्रत्यक्षात याहून कमी देणारी ऑफिसं मला कितीतरी माहीत आहेत. ज्यांच्या घरी आधीच वकिली आहे त्यांना ही वर्षं जाणवत नाहीत कारण ऑफिस, पुस्तकं, पक्षकार सगळं तयार असतं. तुझ्यामाझ्यासारख्या घरातल्या मुलींना ती वर्षं आधीपासून ठरवून काढावी लागतात. त्यामुळे पप्पांशी बोलशील तेव्हा सहा वर्षांचं बोल, म्हणजे चौथ्या वर्षी 'आता तर डिग्री झाली, मग पैसे का मागतेस' हा प्रश्न घरात येणार नाही.

आता 'लॉ कर म्हणजे दोन्ही होईल' याबद्दल. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. राज्यसेवेची तयारी आणि एलएलबी एकदम होतं का, तर करणारे करतात, राज्यघटना वगैरे विषय दोन्हीकडे आहेत, पण माझ्या पाहण्यात असं आहे की अशा बहुतेक मुलांचं एलएलबी नावापुरतं होतं, परीक्षेच्या आधी महिनाभर गाइड वाचून पास, आणि पुढे एमपीएससी नाही झाली की ही डिग्री आधार देईल असं वाटतं तेव्हा लक्षात येतं की ड्राफ्टिंग म्हणजे दावे-अर्ज लिहिणं येत नाही, कोर्ट बघितलेलं नाही, आणि वय सत्तावीस-अठ्ठावीस. दुसरी गोष्ट न्यायाधीशाची परीक्षा, म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, ज्याला सगळे जेएमएफसी म्हणतात, ती पण एमपीएससीच घेते. त्यासाठी २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. म्हणजे डिग्री हातात पडली की लगेच जज, हा रस्ता जो आधी सांगितला जायचा तो आता धरून चालू नकोस. ही तीन वर्षं प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरती सनद मिळाल्यापासून मोजतात आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून काम केलेलं त्यात धरतात, पण नुसती सनद घेऊन घरी अभ्यास करत बसून चालणार नाही, अनुभवाचा दाखला लागतो. जाहिरात येईल तेव्हा तिच्यातल्या अटी शब्द न् शब्द वाच. मी तर म्हणेन या निकालाने तुझ्यासारखीचा प्रश्न सोपा झाला, कारण जज व्हायचं असो किंवा वकील, आता दोन्हीकडे आधीची सहा वर्षं जवळजवळ सारखीच आहेत.

मग काम आवडेल का ते कसं कळणार. तू पुण्यात आहेस हा मोठा फायदा आहे, तो वापर. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन बस. कोर्टाचं कामकाज उघडं असतं, कोणीही नागरिक मागच्या बाकावर शांतपणे बसून ऐकू शकतो, फोन सायलेंट करायचा, रेकॉर्डिंग करायचं नाही, साधे नीट कपडे. अकराच्या सुमाराला जा आणि एकाच कोर्टहॉलमध्ये दुपारपर्यंत बस, इकडून तिकडे फिरू नकोस. आधी पुकारा होईल, बोर्डावरच्या निम्म्या केसेसमध्ये पुढची तारीख पडेल, कोणी वकीलपत्र दाखल करेल, कोणी मुदत मागेल, आणि तुला वाटेल की इथे काही घडतच नाही. मग एखाद्या केसमध्ये उलटतपास सुरू होईल. तो नीट ऐक. वकील काय विचारतोय, साक्षीदार कुठे अडखळतोय, जज मध्येच काय टिपून घेतायत. दुसऱ्या दिवशी फौजदारी कोर्टात जाऊन जामिनाचा युक्तिवाद ऐक, दहा मिनिटांत एखाद्याच्या घरी जाण्या न जाण्याचा निर्णय होतो तो बघ. फॅमिली कोर्टात असं बसता येईलच असं नाही, तिथे पक्षकारांच्या खासगीपणामुळे बंद दाराआड काम चालू शकतं. दिवाणी आणि फौजदारी एवढं बघितलंस तरी पुष्कळ.

हे चार-पाच वेळा केल्यावर स्वतःला विचार की त्या तारखांच्या, वाट बघण्याच्या, फायली वाहण्याच्या दिवसाचा कंटाळा आला की त्यातही कुतूहल टिकलं. ज्यांना फक्त भाषण करायला आवडतं म्हणून लॉला यायचं असतं त्यांना इथे पहिला धक्का बसतो, कारण बोलणं थोडं आणि वाचणं-लिहिणं पुष्कळ असं हे काम आहे. आणि ज्या अबोल मुली मला सांगतात की आम्हाला बोलता येत नाही म्हणून लॉ नको, त्यांना मी आवर्जून सांगते की जमिनीच्या दाव्यात ज्याने कागद नीट वाचलेत तोच पुढे जातो, आवाज कितीही बारीक असो.

कागदावरून दुसरी गोष्ट सांगते आणि ही माझ्या आवडीची आहे म्हणून जरा लांबेल. तुझ्या घरी शेती आहे ना, मग घरचा सातबारा काढ, आठ-अ म्हणजे खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा काढ, आणि तलाठी कार्यालयातून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदी, मिळतील तेवढे काढ. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकत्र, वरच्या भागात जमीन कोणाच्या नावावर आणि कोणकोणते हक्क, खालच्या भागात पिकांची नोंद. फेरफार नोंदवतात ती वही म्हणजे नमुना ६. आता सातबाऱ्यावर नावांच्या आसपास जे फेरफार क्रमांक दिसतात त्यातला एकेक घे आणि मागे जात राहा. आजोबांचं नाव कसं लागलं, वारसाने की खरेदीने की वाटपाने. इतर हक्कात कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचं नाव आहे का, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का. पश्चिम महाराष्ट्रात खूप ठिकाणी मागे जाता जाता १ एप्रिल १९५७ ही तारीख भेटते, कृषकदिन, १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे कसणारे कूळ त्या दिवशी जमिनीचे मालक मानले गेले, मग त्या कायद्याच्या कलम ३२ग प्रमाणे जमिनीची किंमत ठरली का, कलम ३२म चं खरेदीचं प्रमाणपत्र निघालं का हे बघावं लागतं. एका कुटुंबाच्या सातबाऱ्यात देशाच्या कायद्याचा केवढा इतिहास बसलेला असतो ते तुला कळेल. आणि मग आत्या किंवा आजीच्या बहिणींची नावं कुठे गेली हे शोध. महाराष्ट्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हक्क २२ जून १९९४ पासून दिला, ज्यांचं लग्न त्याआधी झालेलं नाही त्यांना, मग केंद्राने २००५ मध्ये ९ सप्टेंबरपासून सगळ्या मुलींना दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्माच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ मध्ये वडील जिवंत असले पाहिजेत अशी अट नाही, हक्क जन्मापासून आहे. आपला वाटा सोडल्याच्या हक्कसोड पत्रावर बहिणींच्या सह्या कशा होतात हे तू गावात पाहिलं असशीलच.

हे सगळं काढल्यावर एका पानावर तारीखवार हकीकत लिही, फक्त तारीख, काय झालं, कुठल्या कागदावरून कळलं. मत लिहायचं नाही. आम्ही ऑफिसात नवीन ज्युनियरला पहिलं काम हेच देतो आणि त्यावरून मला मुलाची कुवत कळते, मार्कशीट बघावी लागत नाही. एक गोष्ट लक्षात ठेव, फेरफार महसूल वसुलीसाठी असतो, नुसत्या फेरफाराने मालकी ठरत नाही, म्हणून मूळ दस्त बघावा लागतो. हा व्यायाम करताना तुला रात्रीचे अकरा वाजले तरी अजून एक फेरफार बघू असं वाटलं तर तू लॉला ये, मी खात्रीने सांगते. जीव कंटाळला तर तेही उत्तरच आहे आणि त्यात वाईट वाटायचं कारण नाही, फक्त एक दिवाणी काम आवडलं नाही म्हणून सगळा कायदा नको असं लगेच ठरवू नकोस, फौजदारी किंवा कंपन्यांच्या कामाचा पोत वेगळा असतो.

इंग्रजीचं. ही भीती मराठी माध्यमातल्या प्रत्येक मुलीच्या प्रश्नात असते. खरं काय ते सांगते. महाराष्ट्रात जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या कोर्टांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेप्रमाणे मराठी आहे, पुण्यात इंग्रजी दावे पुष्कळ असतात पण मराठीत दावा, कैफियत म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, अर्ज सगळं चालतं आणि साक्षीपुरावा तर मराठीतच चांगला होतो. ज्याला नेमकी कायद्याची मराठी लिहिता येते असा ज्युनियर आजकाल शोधून सापडत नाही, इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलांना 'ताबेकब्जा' आणि 'वहिवाट' यातला फरक सांगत बसावं लागतं. तेव्हा तुझी मराठी ही तुझी जमेची बाजू आहे. पण इंग्रजीवाचून चालेल असंही मी म्हणणार नाही. हायकोर्ट-सुप्रीम कोर्टाची भाषा राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे, निकाल इंग्रजीत येतात, ते वाचून समजलेच पाहिजेत. बोलणं अडखळत असेल तरी चालतं, वाचन पक्कं पाहिजे. त्यासाठी रोज एक पान निकालाचं वाच. विशाखाचा १९९७ चा निकाल घे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा, ज्यातून पुढे २०१३ चा कायदा आला, तो छोटा आहे आणि भाषा सरळ आहे. केशवानंद भारतीला सुरुवातीलाच हात घालू नकोस, तो शेकडो पानांचा आहे. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश आहे.

वाचायला पैसे लागत नाहीत हेही सांगते. कायद्यांचे मूळ मजकूर इंडिया कोडच्या सरकारी वेबसाइटवर फुकट आहेत, सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर फुकट, वेगवेगळ्या कोर्टांचे मिळून इंडियन कानूनवर. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठांची सुनावणी सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवतात, ती मोबाइलवर बघता येते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर कुठल्याही केसची तारीख आणि आदेश दिसतात, कोर्टात ऐकलेल्या केसचा नंबर लिहून घे आणि पुढे काय झालं ते घरी बसून बघ. पुस्तक घ्यायचंच तर अप्पा बळवंत चौकात बेअर ॲक्ट, म्हणजे नुसता कायद्याचा मजकूर असलेली पुस्तकं, मिळतात, पण फौजदारी कायद्याची जुनी सेकंडहँड पुस्तकं घेताना सांभाळ, १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी आणि एव्हिडन्स ॲक्टच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आलेत. जुने कायदे अजून माहीत असावे लागतात कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांच्या केसेस जुन्या कलमांखालीच चालू आहेत, पण अभ्यासाला सुरुवात नव्याने कर.

आता प्रवेशाचं, हे भराभर सांगते. तुझ्यासाठी परीक्षा म्हणजे राज्य सीईटी सेलची एमएच-सीईटी लॉ, तीन वर्षांवाली. फॉर्म भरताना तीन आणि पाच वर्षं यात गोंधळ करू नकोस, दर वर्षी कोणीतरी करतंच. क्लॅट ही मुख्यतः बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी आणि एलएलएम म्हणजे कायद्याच्या मास्टर डिग्रीसाठी आहे, तेव्हा कोणी क्लासवाला तुला क्लॅटची बॅच विकत असेल तर नीट विचारून घे. शेवटच्या वर्षाला असताना सीईटी देता येते. ग्रॅज्युएशनला खुल्या गटाला ४५ टक्के, राज्यातल्या ओबीसी वगैरे मागास प्रवर्गांना ४२, एससी-एसटीला ४० टक्के लागतात. पेपरमध्ये कायद्याचा कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे चार भाग, गणित नाही, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि सगळ्यात जास्त प्रश्न इंग्रजीचे. प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असतात, इंग्रजीचा भाग सोडून. प्रश्नांची संख्या मधल्या काळात बदललीय, त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघूनच तयारी कर.

क्लास लागतो का? राज्यशास्त्र घेतलेल्या आणि रोज पेपर वाचणाऱ्या मुलीला माझ्या मते लागत नाही. मागचे पेपर आणि मॉक टेस्ट वेळ लावून सोडव, निगेटिव्ह नसल्याने एकही प्रश्न रिकामा सोडू नकोस, आणि इंग्रजीच्या उताऱ्यांना रोज अर्धा तास दे. एकटीने बसून अभ्यास होतच नसेल, शिस्तीसाठी क्लास हवा असेल, तर लाव, पण मग ते कारण स्वतःशी स्पष्ट असू दे आणि वर्षाची फी एकदम भरू नकोस.

कॉलेज. पुण्यात पहिलं नाव आयएलएसचं घेतलं जातं, १९२४ पासूनचं, लॉ कॉलेज रोडवर टेकडीच्या पायथ्याशी, लायब्ररी उत्तम. त्याशिवाय डीईएसचं नवलमल फिरोदिया, गणेशखिंडला मॉडर्न, डेक्कनला मराठवाडा मित्रमंडळाचं शंकरराव चव्हाण, यशवंतराव चव्हाण लॉ कॉलेज, असे बरेच पर्याय कॅप राउंडमध्ये, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांत, भरता येतात. सिम्बायोसिस आणि भारती विद्यापीठ ही अभिमत विद्यापीठं, त्यांचा प्रवेश वेगळा आणि फीचा आकडाही वेगळ्या जातीचा. पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज आहे, सीईटीतूनच, दिल्ली विद्यापीठ सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, आणि बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांचं एलएलबी सुरू केलंय, त्यांची स्वतःची परीक्षा असते. मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर कॉलेजच्या नावाने फरक पडतो, हे मी नाकारणार नाही. जिल्हा कोर्टात वकिली करायची असेल तर तीन वर्षांनंतर कॉलेज कोणी विचारत नाही. तुझ्या जागी मी असते तर आधी लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते, वर्ग खरंच भरतात का, आणि कॉलेज कोर्टाच्या किती जवळ आहे हे तीन प्रश्न तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जाऊन विचारले असते.

खर्चाचं उत्तर सरसकट देता येत नाही. अनुदानित जागेची फी वर्षाला काही हजारांत राहते, विनाअनुदानित तुकडीची त्याच्या काही पट, आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठात लाखांत. पण तुझ्या बाबतीत महत्त्वाचं हे की ८ जुलै २०२४ च्या जीआरप्रमाणे ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे आणि ज्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गात आहेत त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. अट ही की प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंट किंवा संस्था पातळीवरची जागा घेतलीस की हा लाभ गेला, अभिमत विद्यापीठालाही तो नाही. एससी-एसटीसाठी आधीपासूनच्या योजना आहेत. सगळे अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर. तेव्हा मोठं नाव बघून पप्पांना कर्ज काढायला लावण्याआधी कॅपचे सगळे राउंड होऊ दे. ते लांबतात, कॉलेज सुरू व्हायला दिवाळी येते कधीकधी, घरच्यांचा धीर सुटतो आणि तेव्हाच लोक घाईत पैसे भरतात.

तू शेवटी लिहिलंयस की सोबत नोकरी करीन म्हणजे घरी भार नको. इथे जपून. बार काउन्सिलने २४ सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात कॉलेजांना सांगितलंय की विद्यार्थ्याकडून नोकरी आणि एकाच वेळी दुसरी रेग्युलर डिग्री याबद्दल घोषणापत्र घ्यायचं, हजेरी बायोमेट्रिक करायची. पूर्ण वेळ नोकरी लपवून डिग्री करणं म्हणजे पुढे सनद घेताना खोट्या घोषणेची टांगती तलवार. संध्याकाळच्या शिकवण्या घेणं, भाषांतराची कामं करणं वेगळं, तेही कॉलेजला विचारून कर.

डिग्रीच्या काळात निदान १२ आठवड्यांची इंटर्नशिप बार काउन्सिलच्या नियमाने करावीच लागते. बरीच मुलं सह्या गोळा करतात. तू तसं करू नकोस. पहिल्या वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १९८७ च्या कायद्याखाली गरजूंना तिथे मोफत वकील मिळतो, लॉच्या विद्यार्थ्यांना पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणजे विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं आणि लोक अडचण कशी सांगतात ते ऐकायची सवय लागते. दुसऱ्या वर्षी ट्रायल कोर्टाच्या वकिलाकडे, तिसऱ्या वर्षी हायकोर्टात किंवा कंपनीच्या लीगल विभागात. ओळख नाही म्हणून घाबरू नकोस, माझ्याकडे आलेल्या चांगल्या इंटर्नपैकी कितीतरी कोणाच्याही ओळखीशिवाय, एक साधा चार ओळींचा अर्ज घेऊन आल्या. सिनियर निवडताना पैशांआधी हे बघ की तो किंवा ती ज्युनियरला स्वतः उभं राहू देते का, ड्राफ्ट लाल पेनाने दुरुस्त करून परत देते का. मुलगी म्हणून हेही विचारून घे की ऑफिस संध्याकाळी किती वाजेपर्यंत चालतं, पुण्यात बरीच ऑफिसं कोर्टानंतर रात्री नऊपर्यंत असतात, हॉस्टेलच्या वेळा जुळल्या पाहिजेत, आणि जिथे एकटीला अवघड वाटेल ते ऑफिस पहिल्या आठवड्यात सोडायचं, सिनियर कितीही मोठे असोत.

डिग्रीनंतर बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी. ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त घेता येणार नाही, म्हणजे खुल्या गटाला ७५०, एससी-एसटीला १२५. मग दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बार एक्झाम पास व्हायची, शंभर प्रश्न, बेअर ॲक्ट सोबत नेता येतो, नीट शिकलेल्याला अवघड नाही.

कोर्ट नकोसं वाटलं तरी डिग्री वाया जात नाही. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत करार तपासायची कामं आहेत, बँकांना लॉ ऑफिसर लागतात, बिल्डरांना आणि बँकांना तीस वर्षांचे टायटल सर्च, म्हणजे मिळकतीच्या मालकीचा तपास, करून देणारे लागतात, बिल्डरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं महारेरा आहे, कर्जवसुली न्यायाधिकरण पुण्यात आहे. आणि गावाकडे परत जायचा विचार असेल तर तोही आता आधीपेक्षा चांगला आहे, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्याच्या हद्दीत येतो, म्हणजे बार्शीत वकिली करणाऱ्याला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. पुण्याच्या केसेस मात्र अजून मुंबईलाच जातात. पप्पांना हे जरूर सांग, मुलगी शिकून जवळ राहू शकते हे ऐकून त्यांचं मत थोडं हलेल असं मला वाटतं.

आत्ता या महिन्यात करायचं ते असं. कोर्टात जाऊन बसायला सुरुवात कर आणि दिवाळीला किंवा पुढच्या सुट्टीला घरी गेलीस की फेरफार काढ. त्याच फेरीत तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आणि तुझ्या प्रवर्गाप्रमाणे ईडब्ल्यूएस किंवा नॉन-क्रीमिलेअर काढायला टाक. जातीचा दाखला लागत असेल तर जात पडताळणीचा अर्ज लगेच कर, त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि कॅपमध्ये मुली मार्कांपेक्षा याच एका कागदावरून खुल्या गटात ढकलल्या जातात. नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर आणि दाखल्यांवर एकच आहे का तेही बघ, नसेल तर आधार आधी दुरुस्त कर. ती तारीखवार हकीकत लिहून झाली की इथेच टाक, माणसांची नावं आणि गट नंबर काढून, मी वाचून सांगते.